सही समजून करता येत होती तोवर

माझ्या सासूबाईंना अल्झायमर असल्याचे निदान झाले, तेव्हा डॉक्टरांनी औषधांइतकाच वेळ कागदपत्रांविषयी बोलण्यात घातला, आणि त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. आपण कशावर सही करतो आहोत हे सासूबाईंना आज समजते आहे, तेव्हा बँकेची आणि घराची कामे लांबवू नका, असे त्यांनी माझ्या यजमानांना स्पष्ट सांगितले. त्या काळात आम्ही काय केले आणि कशाचा उपयोग झाला नाही, हे अशाच स्थितीतून जाणाऱ्या घरांसाठी लिहीत आहे.

आम्हाला शंका आली ती नावे विसरण्यामुळे नव्हे. उभे आयुष्य खापरावरचे मांडे करत आलेल्या सासूबाईंनी आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी पुरणाचा उंडा हातावर घेतला आणि तो पुढे कसा वाढवत न्यायचा हेच त्यांना सुचेना. हातात मुरलेल्या कामाचा क्रम हरवणे हे साधे विस्मरण नव्हे, असे मला तेव्हाच वाटले. आम्ही अमळनेरहून त्यांना जळगावला मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी लगेच आजाराचे नाव घेतले नाही. आधी थायरॉइड, बी-१२ आणि सोडियमच्या तपासण्या, मग मेंदूचा एमआरआय, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी आणि मन उदास असते का याची चौकशी, असा त्यांचा क्रम होता. कारण यांपैकी काही कारणांनी येणारा विसर उपचाराने कमी होऊ शकतो. स्मरणशक्तीच्या चाचणीत तीस गुणांचे प्रश्न असतात. सासूबाई चौथीपर्यंतच शिकलेल्या असल्यामुळे आकडेमोडीवर भर न देता डॉक्टरांनी कोणता सण झाला, शेतात सध्या कोणते पीक उभे आहे, असेही विचारले. कमी शिकलेल्या माणसाचे गुण केवळ शाळा न झाल्यामुळे कमी येऊ शकतात, हे तपासणाऱ्याने ध्यानात ठेवणे फार आवश्यक आहे.

निदान झाल्यावर नात्यातील जवळजवळ प्रत्येकाने एकच सल्ला दिला: मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून घ्या. आमच्या वकिलांनी त्यातील अडचण समजावून सांगितली. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार अधिकार देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी हा कागद करायचा, नेमक्या त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. नामनिर्देशनाचाही हयातीत काही उपयोग नसतो, ते मृत्यूनंतरच कामाला येते. या दोन कागदांच्या भरवशावर निर्धास्त राहिलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, म्हणून हे आवर्जून सांगते.

आम्ही सासूबाईंचे बचत खाते आणि मुदत ठेवी मुलासोबत संयुक्त करून घेतल्या, आणि दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल अशी सूचना त्यावर नोंदवली. बँकेत जायचे ते सकाळीच, हे आम्ही ठरवले होते, कारण दिवस कलला की त्यांची घालमेल सुरू होते आणि ‘माले घर जावानं शे’ असे म्हणत त्या दाराकडे निघतात. अधिकाऱ्यांनी आम्हाला बाहेर बसवून त्यांना एकटीलाच विचारले की आता पैसे कोण काढणार. ‘मना पोऱ्या काढी,’ असे त्यांनी ठामपणे सांगितले. त्यांना व्यवहार समजतो असे डॉक्टरांचे पत्रही आम्ही जोडले होते. ही चौकशी काहींना अपमानास्पद वाटते. मला ती सासूबाईंच्या हिताची वाटली.

सासरे भुसावळला रेल्वेत होते, त्यामुळे सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. ते खाते त्यांच्या एकटीच्या नावे असल्याने, दरमहा ठरावीक रक्कम संयुक्त खात्यात वळती व्हावी अशी स्थायी सूचना त्यांच्याच सहीने देऊन ठेवली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमता येतो. उपचारांच्या निर्णयांत साहाय्य करण्यासाठी त्यांनी मला नेमले. दागिने लेकींना द्यायचे, हे मात्र त्यांनी स्वतःहून सांगितले आणि मृत्युपत्रात तसे लिहून घेतले.

हयातीचा दाखला दर नोव्हेंबरमध्ये लागतो. ऐंशीच्या पुढील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. शेतीकाम आणि चुलीपुढच्या कष्टांनी सासूबाईंच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत आणि यंत्र ठसा घेत नाही. २०२१ पासून जीवन प्रमाणसाठी, म्हणजे हयातीच्या डिजिटल दाखल्यासाठी, मोबाइलवर चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. अंगणातल्या सकाळच्या उजेडात, त्यांच्या ओळखीच्या माणसाने मोबाइल धरून, माहेरच्या गोष्टी विचारत हे काम केले तर त्या बिथरत नाहीत.

त्यांच्या नावावरचा भुसावळचा एक भूखंड तेवढा राहिला आहे. तो विकायचा नाही, असे त्यांनी चांगल्या दिवसांत सांगितले होते. आता विकायचे ठरवले तरी त्यांच्या वतीने निर्णय घेणारा कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागेल, आणि इथे कायदा तोकडा पडतो. काही ठरावीक अपंगत्वांसाठी असा पालक नेमू देणाऱ्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्मृतिभ्रंश येत नाही, आणि जुन्या १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी जी तरतूद होती ती २०१७ च्या कायद्यात उरली नाही. त्यामुळे अनेक कुटुंबांना राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जावे लागते. आम्हा जळगावकरांसाठी ते छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ. औषधपाण्याचा आणि मदतनीस बाईंच्या पगाराचा खर्च निवृत्तिवेतनातून भागतो आहे, म्हणून तूर्त आम्ही त्या भूखंडाची घरपट्टी भरतो आणि तो तसाच ठेवतो.