अनकमपाग्रे पठारावर गाइडशिवाय: म्यूल डिअर आणि अस्वल

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात माँट्रोझ गावाच्या पश्चिमेला अनकमपाग्रे पठार पसरलंय. ऑक्टोबरअखेरच्या रायफल सीझनमध्ये मी आणि माझा मित्र तिथे म्यूल डिअर (खेचरासारख्या मोठ्या कानांचं हरिण) आणि काळ्या अस्वलाच्या शिकारीला गेलो. गाइड नव्हता आणि तो मुलूख आम्ही दोघांनीही आधी पाहिलेला नव्हता. अमेरिकेतली बरीच मराठी मंडळी याबद्दल विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी कागदपत्रं. कोलोरॅडोत हरणाचा परवाना लॉटरीनेच मिळतो आणि अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते. अस्वलाचा परवाना वेगळा. 1949 पासून पुढे जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा (शिकारीच्या सुरक्षित पद्धती शिकवणारा) कोर्स लागतो. एच-1बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) असाल तर हे नीट वाचा: अशा व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं बाळगायला संघीय कायद्याने बंदी आहे. वैध शिकार परवाना असेल तर सूट मिळते. बंदुकीला हात लावण्याआधी वकिलाला विचारून घ्या.

जागा निवडताना बहुतेक लोक जनावर कुठे सापडेल एवढंच बघतात. माझं ठाम मत आहे की मांस गाडीपर्यंत कसं आणणार, इथून सुरुवात करावी. या पठारावर तर ते फारच महत्त्वाचं. डिव्हाइड रोड पठाराच्या कण्यावरून जातो आणि दोन्ही बाजूंना घळी खाली उतरतात. सकाळी रिकाम्या पाठीने उतरणं सोपं असतं, पण मोठ्या नराचं हाड काढलेलं मांसही तीसेक किलो भरतं आणि ते नऊ हजार फुटांवर चढावर न्यायचं असतं. म्हणून आम्ही नकाशावर घळी सोडून त्यांच्यामधल्या सोंडा निवडल्या आणि गाडीपासून दीड-दोन मैलांची हद्द घालून घेतली. खाजगी जमिनीच्या सीमा दाखवणारा नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा. कोलोरॅडोत खाजगी जमिनीवर पाटी असलीच पाहिजे असं नाही, परवानगी घेण्याची जबाबदारी तुमची.

सोंडेवर बसून समोरचा उतार दुर्बिणीने तासन्‌तास बघायचा, हेच मुख्य काम. वर ॲस्पेन झाडांची पानं गळून गेलेली, खाली गॅम्बेल ओक या बुटक्या ओकची दाट झुडपं. नर ओकच्या कडेने उठला, चारही पाय एकदम टेकवत उड्या मारत वर गेला आणि धारेवर थांबून वळून बघू लागला. म्यूल डिअर बरेचदा असा थांबतो. मित्राने तेवढ्यात नेम साधला. लगेच आतडी काढली, पाय सोडवले, सुती पिशव्यांत भरून सावलीत टांगले. नर असल्याचा पुरावा मांसाला चिकटलेला राहू द्यावा लागतो, सोलताना तो कापू नका.

अस्वलाचा माग काढायचा तर ओककडेच बघा. तिथल्या विष्ठेत एकॉर्नची (ओकच्या फळांची) टरफलं ठासून भरलेली होती. तांबूस रंगाचं एक अस्वल दिसलंही (काळं अस्वल तपकिरीही असतं), पण आम्ही रायफल न उचलता बघत राहिलो, तेव्हा झुडपातून पिल्लू बाहेर आलं. पिल्लू सोबत असलेल्या मादीला मारणं बेकायदा आहे. एकटं दिसलं तरी थोडा वेळ जाऊ द्या. तुमचा भर अस्वलावरच असेल तर सप्टेंबर निवडा. तेव्हा ती दिवसाचे वीस-वीस तास खात असतात. ऑक्टोबर संपताना गाभण माद्या गुहेत शिरू लागतात.

अस्वल मिळालंच तर कातडी ताबडतोब काढा, त्या चरबीखाली मांस लवकर खराब होतं. कामाच्या पाच दिवसांच्या आत डोकं आणि कातडी वन्यजीव खात्याकडे तपासणीला न्यायची, गोठवून न्यायची नाहीत. अस्वलाच्या मांसात असू शकणारी ट्रिकिनेला नावाची कृमी फ्रीझरमध्ये मरेलच याची खात्री नसते, म्हणून रस्सा करा किंवा खिमा, आतपर्यंत 71 अंश सेल्सियस झालंच पाहिजे.

रायफल सीझनमध्ये कमरेच्या वर पाचशे चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. पाऊस-बर्फ झाला की रस्त्याचा नुसता चिखल होतो, चाकांच्या साखळ्या सोबत ठेवा. आणि अर्ज भरण्याआधी वन्यजीव खात्याच्या हंट प्लॅनरना (शिकारीच्या नियोजनात मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांना) फोन करा. तुम्ही निवडलेल्या भागाबद्दल ते मोकळेपणाने बोलतात, आणि त्याला पैसे पडत नाहीत.