नाडी का वाढेना?

दम्याच्या पेशंटला व्यायामाला आणायचं म्हणजे आधी घरच्यांशी वाद. ‘आईला आम्ही जिनासुद्धा चढू देत नाही आणि तुम्ही तिला सायकल मारायला लावणार?’ असं या आजींच्या मुलानं मला ओपीडीतच सुनावलं. फुप्फुसांच्या पुनर्वसनात काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला याची सवय असते. आजी एकाहत्तरच्या. दमा जुना, पण गेल्या वर्षभरात फारच बळावलेला. पंपाची मात्रा वाढवूनही फरक नाही. ‘वय झालं’ म्हणून घरात विषय मिटलेला.

सुरुवातीला सहा मिनिटं चालण्याची चाचणी असते. ३० मीटरचा सपाट पॅसेज, दोन टोकांना शंकू, आपल्या वेगानं फेऱ्या मारायच्या. मी बरोबरीनं चालत नाही, नाहीतर माणूस माझ्या वेगानं ओढला जातो. आजींनी १५ मिनिटं आधी स्पेसरमधून (पंपाला जोडायची नळी) साल्ब्युटामॉलचे, म्हणजे श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचे, दोन पफ घेतले होते.

चौथ्या मिनिटाला त्या भिंतीला टेकल्या. ओठांचा चंबू करून फुंकर सोडत होत्या, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. दहापैकी किती दम लागलाय विचारलं, तर बोलवेना. सात बोटं दाखवली. ऑक्सिजन ९४, ठीक. पण नाडी ७२! बसल्या असताना ६४ होती. एवढी धाप, त्यात साल्ब्युटामॉलनंही नाडी थोडी चढतेच. मशीनवर भरवसा न ठेवता मनगट धरून घड्याळावर मोजली. तेवढीच.

अशी रोखून धरलेली नाडी मी हृदयविकाराच्या, बीटा-ब्लॉकरवर, म्हणजे हृदयाची गती कमी ठेवणाऱ्या औषधांवर, असलेल्या पेशंटमध्ये नेहमी पाहते. आजींच्या फाइलमध्ये मात्र रक्तदाबाची अॅम्लोडिपिन सोडली तर काहीच नव्हतं.

“आजी, आणखी कसली गोळी?”

“नाही गं बाई. या पंपांनीच जीव नकोसा केलाय.”

“काढा, चूर्ण, मलम?”

“छे! डोळ्यात थेंब घालते तेवढे, सकाळ-संध्याकाळ. ते काय औषध आहे का?”

पिशवीतून रुमालात गुंडाळलेली बाटली निघाली. टिमोलॉल. काचबिंदूसाठी, साधारण वर्षापूर्वी सुरू झालेलं. हाही बीटा-ब्लॉकरच. डोळ्यात घातलेला थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो, यकृताची गाळणी न लागता. नाडी दबते, श्वासनलिका आवळतात आणि पंपाचं औषधही नीट लागू पडत नाही. दमेकऱ्याला हे थेंब द्यायचेच नसतात. पण डोळे दाखवताना दम्याचं कोण सांगतं, आणि विचारतं तरी कोण?

मुलगा बाटली कचऱ्यात टाकायला निघाला, त्याला थांबवलं. काचबिंदूचे थेंब मनानं बंद केले तर नजरेवर बेततं. छातीच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, ते डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलले आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्या गटाचे थेंब लिहून आले.

मग आठ आठवड्यांचा कार्यक्रम: सावकाश वॉर्म-अप, सायकल, खुर्चीतून हात न टेकता उठणं, हलकी डंबेल्स. शेवटच्या चाचणीत नाडी १०४ला गेली आणि अंतर २१० मीटरवरून ३१५वर. ३० मीटरची वाढसुद्धा आम्ही दखलपात्र मानतो. यात थेंबांचा वाटा किती आणि व्यायामाचा किती, ते वेगळं काढता येत नाही. छातीतली शिट्टी थेंब बदलल्यावर कमी झाली. पण वर्षभर बसून गेलेली मांड्यांची ताकद थोडीच थेंबांनी परत येते!

नव्या थेंबांवर आजी नाराज आहेत. डोळे लाल दिसतात म्हणे, नातीच्या लग्नात फोटो चांगले यायचे नाहीत.