फार्मविल : कुलूपबंद शाळांचे गाव

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड सोडून पश्चिमेकडे निघाले, की सव्वा-दीड तासात प्रिन्स एडवर्ड काउंटीचे फार्मविल हे छोटेसे गाव लागते. तेथील मोटन संग्रहालय म्हणजे कृष्णवर्णीय मुलांची जुनी शाळा. विटांची ही एकमजली इमारत १९३९ मध्ये १८० विद्यार्थ्यांसाठी बांधली गेली. १९५१ पर्यंत पट साडेचारशेवर गेला, तेव्हा काउंटीने आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोल्या उभ्या केल्या. त्यांची छायाचित्रे मी बराच वेळ पाहत राहिलो. शेगडीजवळची मुले घामाघूम होत, लांबची कोट घालून कुडकुडत आणि पावसात छत गळू लागले की काही जण वर्गातच छत्र्या उघडत.

याच शाळेच्या सभागृहात २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने विद्यार्थ्यांना संपाची हाक दिली. मुख्याध्यापकांना खोटा निरोप धाडून आधीच बाहेर काढण्यात आले होते. (हा खोडसाळपणा मला मनापासून आवडला.) मुलांची मूळ मागणी चांगल्या इमारतीची होती, वकिलांनी मात्र वेगळ्या शाळांच्या प्रथेलाच आव्हान द्यायचे असेल तरच खटला लढवू, अशी अट घातली. गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या सार्वजनिक शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ब्राउन निकालात एकत्र आलेल्या पाच खटल्यांपैकी एक हाच.

शाळांची कथा येथे संपते, असे मी समजत होतो. पुढच्या दालनांत कळले, की गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसवण्याचा न्यायालयीन आदेश आल्यावर काउंटीने १९५९ मध्ये शाळांसाठी कर बसवायलाच नकार दिला आणि सगळ्या सार्वजनिक शाळा बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, तिच्या शुल्काला सरकारी अनुदानाचा हातभारही लागला. कृष्णवर्णीय कुटुंबांपैकी काहींनी मुले परगावी नातेवाइकांकडे पाठवली, काहींची मुले चर्चच्या तळघरात जमेल तेवढे शिकली आणि अनेकांच्या हाती पाटी-पुस्तक आलेच नाही. १९६३ मध्ये देणग्यांवर मोफत शाळा सुरू झाल्या. सार्वजनिक शाळांची कुलपे निघाली ती १९६४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यानंतर.

बाहेरच्या पायऱ्यांवर बसून मी हिशेब केला : १९५९ मध्ये सहा वर्षांचे असलेले मूल सार्वजनिक शाळेची पायरी चढले तेव्हा अकरा वर्षांचे होते. राज्याने २००४ मध्ये या मुलांसाठी शिष्यवृत्ती जाहीर केली, त्या वर्षी तेच मूल एक्कावन्न वर्षांचे होते.