तुम्ही विचारलंत म्हणून: टी-शर्टवरचा तो मुखवटा

माझ्या टी-शर्टवरचा धातूचा मुखवटा पाहून लोक हमखास विचारतात, "हा कोण? आणि गाणाऱ्याला तोंड झाकायची काय गरज?" दर वेळी अर्धवट उत्तर देतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

हा रॅपर एमएफ डूम. खरं नाव डॅनियल डूमिले. जन्म १९७१चा, लंडनचा. आई त्रिनिदादची, वडील झिम्बाब्वेचे. वाढला मात्र न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर. धाकट्या भावाला घेऊन त्याने केएमडी नावाचा ग्रुप काढला. तेव्हा मुखवटा नव्हता, नावही झेव्ह लव्ह एक्स. १९९१मध्ये इलेक्ट्रा कंपनीने त्यांचा पहिला अल्बम काढला. एप्रिल १९९३मध्ये भाऊ, डीजे सबरॉक, रस्ता ओलांडताना गाडीची धडक बसून गेला. दुसऱ्या अल्बमच्या मुखपृष्ठावर काळ्या लोकांची टिंगल करणारं जुनं 'सॅम्बो' व्यंगचित्र फासावर लटकवलेलं होतं. म्हणजे फाशी त्या टिंगलीला! पण कंपनीला वाद नको होता. तिने अल्बम दाबला आणि ग्रुपला नारळ दिला.

मग काही वर्षं हा गायबच. मॅनहॅटनमध्ये जवळजवळ बेघर होतो, बाकांवर झोपायचो, असं त्यानेच पुढे सांगितलं. १९९७-९८च्या सुमारास न्यूयोरिकन पोएट्स कॅफेत तो तोंडावर बायकी पायमोजा ओढून रॅप करू लागला. पुढे मार्व्हल कॉमिक्समधल्या डॉक्टर डूम या खलनायकाच्या धर्तीवरचा मुखवटा आला, आणि १९९९मध्ये 'ऑपरेशन: डूम्सडे' हा अल्बम.

भावाच्या दुःखामुळे तोंड झाकलं, असं सांगायची पद्धत आहे. ते खोटं नाही, पण फार सोपं आहे. रॅपमध्ये ऐकण्यापेक्षा दिसण्याला भाव आलाय, ही त्याची स्वतःची तक्रार होती. मला विचाराल तर खरा फायदा लेखणीला झाला. रॅपर म्हटला की 'मी असा, मी तसा' आलंच. डूम मात्र खलनायक. त्याच्याबद्दल डूमिले 'तो' म्हणून बोलतो, त्याच्या फुशारक्या मारतो, टरही उडवतो. २००३मध्ये तर व्हिक्टर व्हॉन आणि तीन डोक्यांचा राक्षस किंग गीडोरा अशा आणखी दोन पात्रांच्या नावाने त्याने एकेक अल्बम काढला.

आणि यमकं! मोरोपंतांनी दाद दिली असती. ओळीच्या टोकाला एक यमक जुळवून त्याचं समाधान होत नाही. चार-चार अक्षरांचा गुच्छ ओळीच्या पोटातही पुन्हा वाजतो. आवाज मात्र जाडसर, आळसावलेला. २००४चा 'मॅडव्हिलनी' हा अल्बम ऐका: २२ तुकडे, पाऊण तासाचा ऐवज, ध्रुवपद जवळपास नाहीच. त्याचं संगीत मॅडलिब या संगीतकाराचं. (याच मॅडलिबने २००७मध्ये हिंदी सिनेमांच्या जुन्या गाण्यांचे तुकडे जोडून 'बीट कंडक्टा इन इंडिया' केला.)

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. २००७-०८मध्ये काही कार्यक्रमांना त्याने स्वतःऐवजी मुखवटा घातलेली दुसरी माणसं पाठवली. ती नुसते ओठ हलवत. लेखक मी, दिग्दर्शक मी, पात्र कोणाला द्यायचं तेही मीच ठरवणार, असा त्याचा युक्तिवाद. भारी आहे, पण तिकिटाचे पैसे घेतल्यावर नाही.

लहानपणापासून अमेरिकेत राहूनही त्याला तिथलं नागरिकत्व नव्हतं. २०१०मध्ये युरोप दौऱ्यानंतर परतीचं दार बंद झालं आणि तो इंग्लंडमध्ये राहिला. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तो लीड्समध्ये वारला, वयाच्या ४९व्या वर्षी. पत्नीने ते जाहीर केलं ३१ डिसेंबरला.

सुरुवात कुठून करायची? 'मॅडव्हिलनी'पासून नको, पहिल्यांदा अंगावर येतो. त्याच वर्षीचा 'एमएम.. फूड' घ्या. एमएफ डूम याच इंग्रजी अक्षरांची उलटापालट करून केलेलं नाव, आणि गाण्यांची नावंही बहुतेक खाण्यापिण्याची. चेहराच पाहायचा असेल तर केएमडीचे जुने व्हिडिओ आहेत. त्यात तो उघड्या तोंडाने मजेत गातोय.