“मूर्ती किती फुटांची?” : नदीफेरीच्या पत्राचा माझा अनुभव

सगळ्यात आधी सांगते, अर्ज दोन प्रतीत न्या आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत पोचा. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझे चार हाफ डे वाचले असते.

झालं असं की आमच्या ग्रुपनं सांगलीत कृष्णाकाठनं नदीफेरी ठरवली. मोर्चा नाही, मॅरेथॉन नाही, नुसतं चालायचं, शहराचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरीनाल्यापासनं हरिपूरच्या संगमापर्यंत, आणि एक रिटायर झालेले भूगोलाचे सर थांबून थांबून माहिती सांगणार. नदी सुधारायची म्हणून सगळेच बोलतात पण आपण ती बघतो वर्षातनं दोनदा, एकदा विसर्जनाला आणि एकदा पूर आला की पुलाजवळ किती फूट झालं ते बघायला. एका शाळेनं नववीची पोरं पाठवतो म्हटलं, पण मुख्याध्यापक म्हणाले पाण्याचं काम आहे, कुणाचं तरी पत्र आणा. त्यांचं बरोबरच होतं. काम पडलं माझ्या गळ्यात, कारण माझं ऑफिस त्या कचेरीच्या जवळ.

कुठली कचेरी ते सांगत नाही. खिडकीवर छापील फॉर्म मिळाला, त्यात रकाने काय तर मिरवणुकीचं कारण, वाहनं किती, स्पीकर आहे का, विसर्जनाचं ठिकाण. मी कारणापुढं ‘नदी बघणे’ लिहिलं आणि विसर्जनापुढं रेघ मारली.

टेबलावरच्या साहेबांनी चष्म्यावरनं बघितलं. “मॅडम, हे मोकळं ठेवून चालत नाही. मूर्ती किती फुटांची?”

“मूर्ती नाही ओ, आम्ही नुसतं चालणार.”

“चालून शेवटी काय करणार?”

“भडंग खाणार आणि घरी जाणार.”

मागं रांगेत कोणतरी हसलं, साहेब नाही हसले. उद्या या म्हणाले.

उद्या गेले तर साहेब मिटिंगला. परवा भेटले तर म्हणाले घाटापर्यंत आमच्याकडं, पाण्याचं आमच्याकडं नाही, ते दुसरीकडं विचारा. आता इथं माझंच चुकलं. मी म्हटलं अहो आम्ही पाण्यात उतरणारच नाही, मगरी आहेत की. झालं! “मगरी आहेत? मग वनखात्याचं पण पत्र लागेल.” तेव्हा तुम्ही अर्ज करणार असाल तर मगरीतला म सुद्धा काढू नका, पोरांना काठावर गेल्यावर सांगा. मी वैतागून विचारलं, चार माणसं रोज सकाळी घाटावर फिरायला येतात ती पत्र घेऊन येतात का? “नाही, त्यांना परवानगी लागत नाही.” मग आम्हाला? “तुम्हाला पण लागत नाही.” मग तेवढंच लिहून द्या की! तर म्हणे परवानगी लागत नाही असं लिहून द्यायची तरतूद नाही. मी खरंच दोन मिनिटं नुसती उभी राहिले, रडावं का हसावं कळेना.

सुटका केली ती दारातल्या शिपाईमामांनी. चौथ्या खेपेला म्हणाले, “ताई, तुम्ही मागताय कशाला? कळवा फक्त.” साध्या कागदावर ‘माहितीसाठी सविनय सादर’ असं लिहायचं, तारीख, वेळ, मार्ग टाकायचा, आवक टेबलाला द्यायचा आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून घ्यायचा. तीन मिनिटांत काम झालं. मुख्याध्यापकांना तो गोल शिक्का दिसल्यावर त्यांनी पुढचं वाचलं पण नाही.

फेरी मस्त झाली. शेरीनाल्यापाशी पोरांनी नाकाला रुमाल लावले, सर म्हणाले रुमाल काढा, हा वास आपल्याच मोरीतनं आलाय. हे पाणी उचलून धुळगावकडं शेतीला द्यायच्या योजनेचं पण त्यांनी सांगितलं. आयर्विन पूल १९२९ चा, तिथं ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलेलं. आमच्या गल्लीतला एक मुलगा म्हणाला सर मी तेव्हा बोटीतनं बाहेर आलो, तर सगळी पोरं त्याच्याचभोवती. सर गप्प बसून ऐकत होते. हरिपुरात हळदीच्या पेवांचं सांगितलं, जमिनीखाली खोल खड्ड्यात हळद साठवायची आणि २००५ च्या पुरात त्यात पाणी शिरून किती नासली ते. पुढं संगमावर वारणा येऊन मिळते तिथं मात्र कुणी काही बोललं नाही, भूक लागलेली.

चप्पल घालून येऊ नका, मळीत, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीत, रुततं आणि घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, माझी एक चप्पल तिथंच गेली. सकाळी सातला निघा, नऊनंतर फेब्रुवारीत पण ऊन चटकायला लागतं.

पुढची फेरी पाऊस संपून पाणी उतरलं की. पत्राला यावेळी दुसऱ्या कुणीतरी जायचं ठरलंय. शिपाईमामांसाठी भडंगाचं पाकीट मात्र मीच पाठवणार आहे.