पाणी घालायच्या झाकणाचं भांडं

वालाचं बिरडं कुकरमध्ये करू नये, असं माझं मत आहे आणि त्यावर मी वाद घालत नाही. डाळिंबी, म्हणजे मोड आणून सोललेला वाल, बोटानं दाबली तर मऊ लागली पाहिजे, पण ताटात अख्खी दिसली पाहिजे. त्यासाठी मंद आच, जाड बूड आणि वर पाणी घातलेलं झाकण एवढं तरी हवं. न्यू जर्सीतल्या आमच्या घरात काचेच्या टॉपची इलेक्ट्रिक शेगडी आहे. ‘मंद’वर ठेवली की ती आच कमी करत नाही, थोडा वेळ बंद होते, मग पुन्हा लालबुंद पेटते. स्टीलच्या पातळ पातेल्यात खालच्या डाळिंब्या लागतात आणि वरच्या टणक राहतात. बिडाची कढई आहे, पण तिच्यात आमसूल पडलं की रस काळा होतो आणि जिभेला लोखंड लागतं. म्हणून इनॅमल चढवलेलं बिडाचं भांडं घ्यायचं ठरवलं.

इनॅमल म्हणजे शेवटी काचच. काचेची पूड बिडावर चढवून साधारण ८०० अंश सेल्सिअसला भाजतात, ती वितळून धातूला धरून बसते. आंबट घाला, रात्रभर ठेवा, काही होत नाही. आत बीड असल्यामुळे एकदा तापलेलं भांडं लवकर निवत नाही, शेगडीची उघडझाप आतल्या रसाला कळतसुद्धा नाही. पण काचेचे नखरेही आलेच. रिकामं भांडं मोठ्या आचेवर तापवायचं नाही, तापलेल्यात गार पाणी ओतायचं नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे ढवळून झाल्यावर पळी काठावर टणकन आपटायची नाही. आमच्या घरात ही सवय पिढीजात आहे. पळी आता लाकडी आणली आहे.

बाजारात पहिलं नाव निघतं ते ‘ल क्रूझे’चं. उत्तर फ्रान्समधल्या फ्रेनुआ-ल-ग्राँ या गावी १९२५ साली एक ओतकामातला आणि एक इनॅमलमधला, असे दोन जण एकत्र आले आणि हा कारखाना निघाला. त्यांचा तो नारिंगी रंगही तेव्हापासूनचा. साडेपाच क्वार्टचं, म्हणजे पाचेक लिटरचं गोल भांडं इकडे चारशे डॉलरच्या पुढे जातं. ‘स्टोब’ही फ्रेंचच, अल्सास प्रांतातलं, १९७४ पासूनचं. ते आतून काळं, खरखरीत. टेनेसीतल्या ‘लॉज’चं त्यांच्या मानानं फारच स्वस्त.

आमच्या सासूबाई तेव्हा इथेच होत्या. किंमत ऐकून म्हणाल्या, “बिडाचंच ना ते? मग सोन्याचा मुलामा आहे का वरून?”

“काचेचा आहे, आई.”

“मग तर फुटेलच.”

फुटत नाही, पण टवका उडतो. म्हणून दुकानात मी रंग बघत बसले नाही. आधी झाकण ठेवून गोल फिरवायचं. अगदी जरासं हललं तर चालतं, डुगडुगलं तर वाफ पळणार. मग भांडं उजेडाकडे तिरकं धरून आत बारीक छिद्रं दिसतात का बघायचं आणि काठावरून नख फिरवायचं. बूड सपाट हवं, नाहीतर काचेच्या शेगडीवर ते भिंगरीसारखं फिरतं. कानांत जाड कापडासकट चार बोटं गेली पाहिजेत, ही कसोटी मी सर्वांत वर ठेवते. रिकामं भांडंच पाच-सहा किलो भरतं. त्यात चार लिटर रस्सा म्हणजे ओट्यावरून उतरवताना दहा किलोंचा ऐवज, तोही उकळता. दोन बोटं मावणारे नाजूक कान फोटोत छान दिसतात.

आतला रंग फिका की काळा, यावर इथल्या मैत्रिणींत दोन तट आहेत. मी फिक्याच्या बाजूची. मोहरी तडतडली का, कांदा गुलाबी झाला की तांबूस, खोबरं कुठवर आलं, हे मला डोळ्यांनी कळतं. काळ्या तळात सगळं नाकावर सोडावं लागतं. फिक्या इनॅमलला हळदीचा पिवळेपणा येतो, तो मला चालतो. फोडणी मात्र तेल घालूनच आणि मध्यमवर तापवायची. मोहरीला वेळ लागतो, घाई करून आच वाढवली की हिंग जळतो. धीर नसेल तर लोखंडी कढलीत वेगळी फोडणी करून वरून ओतावी.

एवढं सगळं बघून झालं तरी घोडं झाकणापाशी अडलं होतं. सगळी झाकणं घुमटाकार, मधे मूठ. पाणी ठेवायचं कुठे? वर पाण्याचं ताट ठेवायचं तर एवढं जड, चपखल झाकण विकत कशाला घ्यायचं? मग कळलं की फ्रेंचांकडे ही सोय आहे. ‘कूझांस’ नावाच्या जुन्या फ्रेंच ओतशाळेनं १९३४ मध्ये ‘दूफ’ नावाचं भांडं काढलं. ती ओतशाळा १९५७ मध्ये ल क्रूझेनं घेतली, दूफही तिच्याबरोबर गेलं. त्याचं झाकण मधे खोलगट असतं आणि त्यात बर्फ ठेवतात. झाकण गार राहतं, आतली वाफ त्याला लागून पाणी होते आणि खालच्या बारीक उंचवट्यांवरून थेंब थेंब पुन्हा मांसावर पडते. आमच्या आजीचं पाण्याचं ताट हेच काम करायचं. शिवाय तेच कढत पाणी लागेल तसं उसळीत जायचं, म्हणजे शिजताना खंड नाही. बर्फाचं झालेलं पाणी फ्रेंच बायका बहुधा मोरीत ओतत असाव्यात.

नवं दूफ घेण्याची माझी तयारी नव्हती. एका इस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातलं जुनं सामान विकायला काढतात तिथे, जुनं नारिंगी मिळालं, गोल, साठ डॉलरला. लांबट आकाराचं घेऊ नका, गोल शेगडीवर त्याची दोन्ही टोकं गार राहतात. जुनं घेताना झाकण त्याच भांड्याचं आहे ना, हे बुडावरचा आणि झाकणावरचा आकडा जुळवून बघावं. तो सेंटिमीटरमधला व्यास असतो. बाहेर ओरखडे असले तरी घ्या. आत टवका असेल तर फुकटही नको, आमसुलाचा रस तिथून बिडापर्यंत पोचतो.

पहिलं बिरडं आईंनीच केलं. बर्फ त्यांनी हसण्यावारी नेला, झाकणात तांब्याभर पाणी ओतलं आणि पंधरा मिनिटांनी त्यातलं दोन पळ्या आत घातलं. डाळिंब्या अख्ख्या राहिल्या.

“भांडं बरं आहे,” त्या म्हणाल्या. “पण उचलायला माणूस ठेव.”