नकलेतून शिकलेले तैलरंग

शासकीय रेखाकला परीक्षांना तैलरंग लागत नाहीत, त्यामुळे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट देणाऱ्या आमच्यापैकी बहुतेकांची मजल जलरंग व पोस्टर कलरच्या पुढे गेली नाही. माझी गेली, ती चित्रकलेच्या सरांमुळे. इंटरमिजिएटनंतरच्या उन्हाळी सुटीत त्यांनी माझ्याकडून एकाच चित्राची नक्कल करून घेतली : फ्रेंच चित्रकार झाँ-फ्रान्स्वा मिले याचे १८५७ सालचे, कापणी झालेल्या शेतात सरवा वेचणाऱ्या तीन स्त्रियांचे चित्र. मंगळवेढ्याच्या रानात शाळूची काढणी झाल्यावर पडलेली कणसे वेचणाऱ्या बाया आम्ही पाहिलेल्या होत्या, त्यामुळे विषय परका वाटला नाही.

मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात असून ते साधारण ८४ बाय ११२ सेंटिमीटरचे आहे. आमच्याकडे त्याची छापील प्रत होती. सरांनी १८ बाय २४ इंचांचा कॅनव्हास घ्यायला लावला, कारण त्यात लांबी-रुंदीचे प्रमाण जवळजवळ मूळ चित्राचेच राहते. छापील प्रतीवर आणि कॅनव्हासवर सारख्याच संख्येच्या चौकटी आखून रेखाटन उतरवले, मग टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने नुसता छायाप्रकाश भरला. वरच्या थरांत जवसाच्या तेलाचे प्रमाण वाढवत न्यायचे, हा नियम त्यांनी कारणासह सांगितला : हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतील ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होते, आणि खालचा थर अधिक तेलकट असला तर वरचा आधी वाळून त्याला भेगा पडतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात टर्पेंटाइन मात्र वाटीतून बघता बघता उडे, आणि वर्गभर त्याचा उग्र वास भरे.

खरा अभ्यास झाला तो मागच्या शेताचा. तिथे गंज्या आहेत, गाडी आहे, उजवीकडे दूर घोड्यावर बसलेला मुकादमही आहे. पण हे सारे मिलेने इतक्या फिकट, जवळजवळच्या छटांत ठेवले आहे की पुढच्या तिघींचे वजन आपोआप वाढते. मधल्या बाईच्या हाताची बोटे मी एकेक करून काढू लागले, तेव्हा सरांनी ब्रश घेऊन एक उजळ आणि एक गडद फटकारा दिला, आणि जमिनीकडे झुकलेला रापलेला हात तेवढ्यावर उभा राहिला. डोळे किलकिले करून आधी छटा ठरवायची आणि मग रंग मिसळायचा, ही सवय तिथे लागली. पुढे सिद्धेश्वर तलावाकाठी प्रत्यक्ष निसर्गचित्र रंगवताना समोरच्या काठावरची झाडे मी न घाबरता पुसट ठेवू शकले.

नक्कल हे दुय्यम काम, असे पुष्कळांना वाटते. मला ते पटत नाही, कारण दुसऱ्याने घेतलेला प्रत्येक निर्णय आपल्या हाताने पुन्हा घ्यावा लागतो. अर्थात छापील प्रतीत रंगांचा जाड-पातळपणा कळत नाही आणि शाईचे रंगही फसवे असतात, एवढी उणीव राहतेच. पॅरिसच्याच लूव्र संग्रहालयात नक्कल करू देतात, परंतु मूळ मापाची नाही, ही गोष्टही सरांकडूनच कळली. चित्र पूर्ण वाळल्यावर त्यांनी कॅनव्हासच्या पाठीमागे ‘मिलेच्या चित्रावरून’ असे माझ्याकडून लिहून घेतले, आणि माझी सही पुढच्या बाजूला नव्हे, त्याच ओळीखाली करायला सांगितली.